तळाचे पाणी

वाशीच्या खाडीपुलावरून ये-जा करणारे आपण पाण्याची पारख रंगावरून आणि वासावरून करतो. समुद्राच्या बाबतीत ती फसते. भाद्रपदात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापुढे वरच्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. काही मीटर खाली मात्र तो जवळजवळ संपलेला असतो.

पावसाळ्याच्या दिवसांत खोल अरबी समुद्रातले, मुळातच प्राणवायूने दरिद्री असलेले पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ भागावर चढते. पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी हलके. ते त्यावर झाकणासारखे बसते. खालचे पाणी सोबत नायट्रेट, फॉस्फेट ही पोषकद्रव्ये आणते. त्यांवर सूक्ष्म वनस्पती माजतात, मरून तळाशी जातात आणि त्यांच्या कुजण्यात उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो. मग जिवाणू नायट्रेटवर गुजराण करतात. त्यातून नायट्रस ऑक्साइड हा पृथ्वीला तापवणारा वायू निघतो. नायट्रेटही संपले की पाण्याला सडका वास येतो. ज्या जीवांना पळता येत नाही, ते तिथेच गुदमरतात.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीपुढच्या समुद्रात याची नोंद ठेवली आहे. प्राणवायू मोजण्याची विंकलर यांची रीत १८८८ ची: नमुन्यात रसायने घालताच प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. (इतकी साधी कसोटी अजून टिकून आहे, याचे मला कौतुक वाटते.) २००० साली डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हा क्षय तीव्र होत असल्याचे मांडले. माणसाने सोडलेल्या नायट्रोजनाचा त्यात वाटा असावा, असा त्यांचा अंदाज होता.

पण वाटा ठरवायचा कसा? २०१७ मध्ये भारतीय आणि फ्रेंच संशोधकांनी मिळून दाखवले की, हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानातील चढउतार, म्हणजे द्विध्रुव, ज्या वर्षी धन असतो, त्या वर्षी आपल्या किनाऱ्यावर प्राणवायू पूर्ण संपत नाही. म्हणजे एखादे वर्ष बरे गेले, तर ते श्रेय आपले नव्हे. एका दिवाळीच्या ताळेबंदावरून पेढीची खरी स्थिती कळत नाही, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

२०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात, ज्याचे नक्वीही एक लेखक होते, जगातील ५०० हून अधिक किनारी ठिकाणी प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी आढळल्याचे म्हटले आहे. तिथे मुख्य दोष सांडपाण्याचा आणि खतांचा. आपल्याकडे निसर्गानेच भांडवल बहुतेक संपवलेले असते, आणि ठाण्याच्या खाडीत दोन्ही काठांचे सांडपाणी त्यानंतरही येतच राहते.