जुन्या जाहिरातींतले ते बेचव ताट

१/७
१९५० च्या दशकातील अमेरिकन नियतकालिकांतल्या गोठवलेल्या अन्नाच्या जाहिराती पाहून आजचा वाचक हसतो. करडे मांस, साय धरलेला तपकिरी रस्सा, भडक हिरवे वाटाणे. ‘हे पाहून भूक कोणाला लागत असेल?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्या पिढीला रुचीच नव्हती, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

२/७
मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे क्लॅरेन्स बर्ड्सआय यांच्या पद्धतीने जलद गोठवलेले पदार्थ दुकानांत आले. गोठवलेले म्हणजे निकृष्ट, हा समज तेव्हा दृढ होता. तो पुसणे हे जाहिरातीचे पहिले काम होते.

३/७
१९५४ मध्ये स्वॉन्सनचे ‘टीव्ही डिनर’ देशभर गाजले. अ‍ॅल्युमिनियमच्या कप्प्यांच्या थाळीत टर्की, रस्सा, वाटाणे आणि रताळी. किंमत ९८ सेंट. खोक्यावर चक्क दूरचित्रवाणी संचाचे चित्र! येथे विकली जात होती ती चव नव्हे, तर स्वयंपाकघरातून वाचलेली वेळ. म्हणून छायाचित्रात प्रत्येक कप्पा भरलेला आणि स्पष्ट दिसणे पुरेसे होते.

४/७
तंत्राच्याही मर्यादा होत्या. तेव्हाच्या रंगीत फिल्मला भरपूर प्रकाश लागे. प्रखर दिव्यांखाली मांस सुकते, रश्श्यावर साय धरते. पुढे छापखान्यात चार शाईंचे ठसे किंचित जरी सरकले, तरी तपकिरी रंग बिघडतो. आणि भाजलेले मांस तर सगळे तपकिरीच.

५/७
शिवाय आज पडद्यावर दिसते ती मूळ जाहिरात नव्हे, तर सत्तर वर्षे पिवळ्या पडत गेलेल्या कागदाची प्रत. साधन कोणत्या अवस्थेत हाती आले, हे न तपासता त्या काळाच्या आवडीनिवडीवर निकाल देणे ही इतिहासाच्या अभ्यासातील चूक ठरते.

६/७
चित्रे देखणी होऊ लागली, तेव्हा काय झाले? १९५५ मध्ये स्वॉन्सन विकत घेणाऱ्या कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातींत, भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या गेल्या. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने हरकत घेतली आणि १९७० मध्ये असे चित्रण न करण्याचे कंपनीला मान्य करावे लागले.

७/७
जुन्या जाहिरातीही विक्रीसाठीच होत्या. त्यांना सत्यवादी ठरवण्याचे कारण नाही. पण त्यांचे कुरूप ताट संशय जागा ठेवते, तर देखणे ताट तो झोपवते. हसण्यापेक्षा सावधपणे पाहण्याची गरज दुसऱ्या ताटाला अधिक आहे.