एक चपराक आणि एक यादी

आमच्या वादविवाद मंडळाच्या एका बैठकीत विषय होता, ‘अन्यायाविरुद्ध हात उगारणे समर्थनीय आहे काय?’ अनुकूल बाजूच्या वक्त्याने बेआटे क्लार्सफेल्ड या जर्मन तरुणीचे उदाहरण दिले. तिने १९६८ साली भर सभेत आपल्या देशाच्या चॅन्सेलरच्या थोबाडीत मारली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो. पुढे या बाईंविषयी मिळेल ते वाचीत गेलो, तेव्हा मात्र आपण टाळी चुकीच्या जागी वाजविली असे वाटू लागले. का, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

बेआटेबाईंचा जन्म १९३९ चा, बर्लिनमधला. वडील हिटलरच्या सैन्यात शिपाई होते. घरात युद्धाविषयी बोलणे होई ते आपल्या पडलेल्या घरांचे. ज्यूंच्या कत्तलीविषयी अवाक्षर नाही. १९६० साली त्या मुले सांभाळण्याच्या कामासाठी पॅरिसला गेल्या आणि तेथे सेर्ज क्लार्सफेल्ड या ज्यू तरुणाशी त्यांची गाठ पडली. १९४३ साली नीस शहरात नाझी पोलीस घरी आले, तेव्हा सेर्जच्या वडिलांनी बायकोमुलांना कपाटामागच्या खोट्या भिंतीआड लपविले आणि स्वतः पकडले गेले. ते आउश्विट्झहून परतले नाहीत. आठ वर्षांच्या सेर्जने भिंतीआडून ते सारे ऐकले होते. जे माहेरी कोणी सांगितले नाही, ते बेआटेबाईंना सासरी कळले.

१९६६ साली कुर्ट गेओर्ग कीसिंगर पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले. ते १९३३ पासून नाझी पक्षाचे सभासद होते आणि युद्धकाळात परराष्ट्र खात्याच्या रेडिओ प्रचार विभागात वरच्या जागेवर होते. बेआटेबाईंनी ‘कोंबा’ या फ्रेंच दैनिकातून त्याविरुद्ध लेख लिहिले. परिणाम एवढाच झाला की फ्रेंच-जर्मन युवक कार्यालयातील त्यांची नोकरी गेली. लेखांना उत्तर मिळेना, म्हणून ७ नोव्हेंबर १९६८ ला बर्लिन येथे कीसिंगर यांच्या पक्षाच्या अधिवेशनात त्या व्यासपीठावर शिरल्या आणि ती प्रसिद्ध चपराक लगावली. त्याच दिवशी एक वर्षाची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे ती कमी होऊन स्थगित झाली. हाइनरिश ब्योल या थोर कादंबरीकाराने बाईंना लाल गुलाब पाठविले. तितक्याच थोर गुंटर ग्रास यांनी या कृत्याचा निषेध केला.

साध्य-साधन विवेकाचे धडे आपण शाळेपासून गिरवतो. त्यामुळे मला ग्रास यांची बाजू सहजासहजी सोडवत नाही. चपराकीने कोणाचे मतपरिवर्तन होत नाही, आणि आज आपल्या नावडत्या माणसाला मारलेली थप्पड उद्या आपल्या आवडत्या माणसालाही पडू शकते. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. चपराकीआधी लेख होते, पुरावे होते, आणि कोणी ते वाचायला तयार नव्हते.

बाईंचे खरे मोठेपण मला पुढच्या बारा वर्षांत दिसते. कुर्ट लिश्का हा पॅरिसमधील गेस्टापोचा एक प्रमुख अधिकारी. फ्रान्समधून ज्यूंना मृत्युछावण्यांकडे धाडण्यात त्याचा मोठा हात होता. फ्रेंच न्यायालयाने त्याला गैरहजेरीत जन्मठेप दिली होती, पण हा गृहस्थ कोलोन शहरात स्वतःच्या खऱ्या नावाने सुखाने राहत होता! जर्मन राज्यघटनेप्रमाणे नागरिकाला परदेशाच्या हवाली करता येत नव्हते, आणि युद्धोत्तर करारातील एका कलमामुळे फ्रान्सने निकाल दिलेले खटले जर्मनीत पुन्हा चालवता येत नव्हते. दोन कायद्यांच्या फटीत खुनी मजेत बसला होता.

१९७१ साली क्लार्सफेल्ड दांपत्याने त्याला पळवून नेण्याचा प्रयत्न केला. तो फसला. मग बाई कागदपत्रे घेऊन स्वतः कोलोनला गेल्या आणि अटक करून घेतली. १९७३ साली सेर्ज यांनी भर रस्त्यात लिश्कावर पिस्तूल रोखले. ते रिकामे होते. आम्ही मारू शकतो, पण आम्हाला खटला हवा आहे, एवढेच त्यांना दाखवायचे होते. १९७५ साली जर्मन संसदेने ही फट बुजविणारा करार मंजूर केला. १९८० च्या फेब्रुवारीत लिश्काला दहा वर्षांची शिक्षा झाली.

या काळात सेर्ज एक यादी करीत होते. फ्रान्समधून गाड्या भरून नेलेल्या ज्यूंची नावे पातळ कागदावरच्या पुसट कार्बन प्रतींतून एकेक करून उतरवून घ्यायची. १९७८ साली तो ग्रंथ निघाला तेव्हा त्यात सुमारे ७६,००० नावे होती, गाडीवार लावलेली. परत आलेल्यांची संख्या अडीच हजारांच्या आसपास. ज्यांचे थडगेसुद्धा नाही, त्यांना निदान एका पानावर जागा मिळाली.

‘झाले गेले गंगेला मिळाले, म्हाताऱ्यांना आता कशाला छळता?’ असे विचारणारे तिकडेही होते, इकडेही आहेत. त्यांनी इझ्यू गावची हकीकत वाचावी. ६ एप्रिल १९४४ ला क्लाउस बार्बीच्या हुकमाने तेथील बालगृहातून ४४ मुले पकडून नेली. एकही परत आले नाही. बार्बी बोलिव्हियात नाव बदलून व्यापार करीत होता. १९७२ साली बेआटेबाई ला पाझला गेल्या, त्यांतील मुलांच्या एका वृद्ध आईला बरोबर घेऊन. दोघींनी त्याच्या कचेरीसमोर बाकाला स्वतःला साखळीने बांधून घेतले. त्याला फ्रान्सला आणायला १९८३ साल उजाडले आणि १९८७ साली जन्मठेप झाली. त्या खटल्यात बार्बीच्या नावाने पॅरिसला गेलेली तार पुरावा ठरली. त्या आईला कोणी सांगावे की झाले गेले विसरा?

बाईंनी आपला आणि परका असा भेदही केला नाही. १९७० साली वॉर्सात आणि पुढल्या वर्षी प्रागमध्ये, म्हणजे कम्युनिस्ट राजवटींतही, त्यांनी ज्यूद्वेषाविरुद्ध निदर्शने केली आणि अटक पत्करली. १९७९ साली त्यांची मोटार बाँबने उडविण्यात आली. २०१२ साली जर्मनीच्या अध्यक्षपदासाठी त्या उभ्या राहिल्या आणि हरल्या. पण २०१५ साली त्याच देशाने त्यांचा सन्मान केला.

आमच्या त्या बैठकीत चपराकीला टाळ्या पडल्या, यादीचा कोणी उल्लेखही केला नाही. चपराकीला एक क्षण लागतो. यादीला वर्षे लागतात, डोळे लागतात, आणि कोणी फोटो काढायला येत नाही. आपल्यापैकी इतिहास घेणाऱ्या मित्रांना म्हणूनच सांगावेसे वाटते, धूळ खात पडलेल्या कागदांचा कंटाळा करू नका. आणि पुढच्या बैठकीत हाच विषय पुन्हा ठेवला, तर मी बोलायला उभा राहीन. यावेळी यादीच्या बाजूने.