पुलांच्या परिषदेत पडलेल्या पुलांवर कोण बोलणार?

मोठ्या पुलांच्या डिझाइनवर परिषदा भरतात. मोठं हॉटेल, देशविदेशातले तज्ज्ञ, कंपन्यांचे स्टॉल, पडद्यावर अटल सेतूचे ड्रोन व्हिडिओ. भरू देत. जवळपास २२ किलोमीटरचा पूल, त्यातला साडेसोळा समुद्रावर, हे काही खायचं काम नाही. ज्यांनी बांधला त्यांचं कौतुक व्हायलाच हवं.

पण मंडळी, पडलेल्या पुलांचं काय?

२ ऑगस्ट २०१६. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्री पुरात वाहून गेला. दोन एसट्या माणसांसकट गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला धोकादायक आढळला नव्हता. हे तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं.

१४ मार्च २०१९. सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल ऐन संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. याचंही ऑडिट झालेलं. शेरा काय, तर किरकोळ दुरुस्ती.

१५ जून २०२५. मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल. रविवारची गर्दी, चार जीव गेले. इथे तर पूल धोक्याचा आहे हे माहीत होतं. फलक होता, नवा पूल मंजूर होता. "मग लोक गेलेच कशाला?" असं विचारणारे भेटतात. अहो, धोक्याचा पूल फलकाने बंद होत नाही, दोन्ही टोकांना भिंत घालून बंद होतो.

तिन्ही ठिकाणी अडलं ते तंत्रज्ञानावाचून नाही. दोन पूल कागदावर ठणठणीत होते, तिसरा कागदावर धोकादायक. पडले तिन्ही!

पुराचं पाणी पायाखालची वाळू, दगड खरवडून नेतं. वरून डांबर गुळगुळीत दिसत राहतं. पायाशी काय झालंय हे बघायला पाण्यात उतरावं लागतं, बेअरिंगपाशी जावं लागतं. गाडीतून पूल पार करून "सुस्थितीत" लिहिणं म्हणजे तपासणी नव्हे.

आणि वेळेचं, पैशाचं रडगाणं नको. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर जमतं. फक्त आधी माणसं जावी लागतात.

म्हणून परिषदवाल्यांना सांगणं एवढंच: एक अख्खा दिवस पडलेल्या पुलांना द्या. चौकशी अहवाल स्टेजवरून वाचा. "सुस्थितीत" हा शेरा कशाच्या आधारावर दिला गेला, ते तरुण इंजिनिअरांना कळू द्या. विमान पडलं की जगभरचे वैमानिक तो अहवाल वाचतात. आपल्याकडे पूल पडला की अहवाल फाइलमध्ये, आणि फाइल कपाटात.

सरकारकडे मागणी: प्रत्येक पुलावर पाटी लावा. शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली, पुढची कधी. उद्घाटनाच्या कोनशिलेवर दहा नावं मावतात, तिथे तपासणाऱ्याचं एक मावेल.

आणि आपण? माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आपल्या गावच्या पुलाचा शेवटचा तपासणी अहवाल मागा. उत्तर आलं तर इथे कमेंटमध्ये टाका. नाही आलं तर तेही टाका.