हंसविणारा आणि हंसूं देणारा

मुलांच्या हंसण्यास देश नसतो आणि काळहि नसतो, याचा प्रत्यय आम्हांस गेल्या सुट्टींत घरबसल्या आला. आमच्या एकत्र कुटुंबांत लहानमोठीं मिळून सात नातवंडें आहेत. त्यांपैकीं दोघांस, म्हणजे थोरल्या चिरंजिवांच्या चौदा वर्षांच्या मुलास व धाकट्यांच्या अकरा वर्षांच्या मुलास, संगणकावर कोठें तरी जुने अमेरिकन बोलपट सांपडले. ते होते डीन मार्टिन आणि जेरी लुईस या जोडीचे. मग काय विचारतां! रोज दुपारीं माजघरांत हंसण्याचा नुसता कल्लोळ. भाषा अर्धीमुर्धीच कळे, पण त्यावांचून त्यांचें कांहीं अडलें नाहीं. एके दिवशीं आम्हीहि चष्मा लावून बसलों, आणि संध्येची वेळ झाली तरी उठण्याचें भान राहिलें नाहीं.

चार दिवसांनीं धाकटा तोंड उतरवून आमच्याकडे आला. म्हणाला, “आजोबा, हे दोघे पुढें वेगळे झाले. वीस वर्षें बोललेच नाहींत म्हणे. चूक कोणाची हो?” आम्ही उत्तर देण्यापूर्वींच त्यानें आपला निकाल सांगून टाकला : “चूक डीनचीच असणार. सगळें तर जेरीच करतो. डीन नुसता उभा असतो!” थोरला तेथेंच बसला होता. तो यावर कांहींच बोलला नाहीं. उठून गच्चीवर निघून गेला.

पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास एवढें तरी कळतें कीं, ‘चूक कोणाची’ या प्रश्नाचें उत्तर घाईनें देऊं नये. म्हणून आठ दिवस आम्हीं या जोडीविषयीं मिळेल तें वाचून काढलें. त्यांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों. कारण तें वाचतां वाचतां आम्हांस आमच्याच घरांतील एक गोष्ट दिसूं लागली.

डीनचा जन्म १९१७ सालचा, ओहायो प्रांतांतील स्टूबेनव्हिल गांवचा. बाप इटलीहून आलेला न्हावी. जेरी त्याच्याहून नऊ वर्षांनीं लहान, न्यूजर्सीमधील न्यूअर्क शहरांत ज्यू नटांच्या घरांत जन्मलेला. जुलै १९४६ मध्यें अटलांटिक सिटी येथील ‘५०० क्लब’मध्यें दोघे प्रथमच जोडीनें उभे राहिले. पहिला खेळ साफ पडला आणि मालकानें तंबी दिली. तेव्हां त्यांनीं ठरविलेलीं भाषणें बाजूस ठेवून एक साधीच युक्ति केली. डीननें प्रेमाचें गाणें आळवावें, आणि जेरीनें हॉटेलांतील पोऱ्या बनून भांडीं आपटीत त्याचा विचका करावा! लोक हंसून बेजार झाले. पुढें आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि १९४९ ते १९५६ या काळांत सोळा बोलपट, असा त्यांचा वारू चौखूर उधळला.

संस्कृत शिकलेल्या माणसास यांत नवल वाटावयाचें नाहीं. भरतमुनींनीं हास्याचा उगम शृंगारांत सांगितला आहे. शृंगाराची नक्कल झाली कीं तेथें हास्य उपजतें. परंतु नक्कल व्हावयाची तर आधीं मूळ वस्तु खणखणीत हवी. डीनचें गाणें बेसूर असतें, तर जेरीच्या व्यत्ययास कोण हंसलें असतें? राजा खरोखरीच विरहानें व्याकुळ झालेला असतो म्हणून विदूषकाची लाडवांची हांव गंमतीची वाटते. कीर्तनांतहि बुवांची तान ज्याच्या आधारावर उंच जाते तो झीलकरी मागें उभाच असतो. ‘नुसतें उभें राहणें’ हें फार अवघड काम आहे. समोर गोंधळ चालला असतां न हंसणें, जोडीदारास कधीं मोकळें सोडावयाचें व कधीं आवरावयाचें हें ओळखणें, आणि टाळ्या त्याच्या पदरांत पडूं देणें, इतकें सारें त्यांत येतें.

पण प्रेक्षक हा हिशेब ठेवीत नाहीं. आणि या जोडीचे प्रेक्षक तर बहुतेक तरुण पोरेंपोरी! १९५१ सालीं न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट नाट्यगृहांत खेळ संपला तरी मंडळी खुर्च्या सोडीनात, मग पुढच्या खेळास आलेल्यांनीं बसावें कोठें? तेव्हां हे दोघे रंगपटाच्या खिडकींत येऊन खालीं फोटो भिरकावीत, वेडेचाळे करीत. तो फुकटचा खेळ पाहण्यासाठीं सारें तरुण जग रस्त्यावर धांवे, आणि रस्ता माणसांनीं तुंबून जाई. १९५२ पासून त्या दोघांच्या नांवानें मुलांसाठीं चित्रकथांचें एक पुस्तकहि निघूं लागलें. मुलांचें त्यांच्यावरील प्रेम खोटें नव्हतें. पण तें प्रेम दोघांवर असूनहि डोळे एकावरच खिळलेले असत. वर्तमानपत्रें जेरीचें कौतुक करीत, बोलपटांत डीनची भूमिका रोडावत चालली. १९५४ मध्यें ‘लुक’ नांवाच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर जेरी झळकला. मूळ फोटोंत डीनहि होता. छापतांना त्याला कापून टाकला होता.

एक फोटो तो काय, असें कोणी म्हणेल. परंतु घरें मोठ्या कारणांनीं क्वचितच फुटतात. पंगतींत एका जावेच्या भाजीचें नांव निघतें, दुसरीच्या वरणाचें निघत नाहीं. असें दहा वर्षें चाललें म्हणजे एक दिवस चूल वेगळी होते, आणि सर्वांस वाटतें कीं हें अचानक झालें. या दोघांचें तसेंच झालें. जेरीस स्वतःच सर्व सूत्रें हलवावींशीं वाटूं लागलीं, डीनला आपण गड्याप्रमाणें राबतों असें वाटूं लागलें. अखेर जुलै १९५६ मध्यें, बरोबर दहा वर्षें पुरीं होतांना, न्यूयॉर्कच्या ‘कोपाकबाना’मध्यें त्यांचा शेवटचा खेळ झाला. चित्रकथांचें पुस्तक मात्र बंद पडलें नाहीं. अंकांचे क्रमांकहि पुढें तसेच चालू राहिले. १९५७ मध्यें मुखपृष्ठावरचें डीनचें नांव तेवढें गेलें, आणि जेरीच्या एकट्याच्या नांवानें तें १९७१ पर्यंत निघत राहिलें. हा अंक हातीं घेणाऱ्या एखाद्या दहा वर्षांच्या पोरानें आपल्या बापाला काय विचारलें असेल? बहुधा आमच्या नातवानें विचारलें तेंच.

डीनचें आतां संपलें, असें जाणते लोक म्हणत. त्याचा पहिला एकट्याचा बोलपट पडलाहि. पण पुढें ‘रिओ ब्राव्हो’मध्यें (१९५९) त्यानें उत्तम काम केलें, आणि १९६४ सालीं त्याच्या एका गाण्यानें तरुणांच्या लाडक्या बीटल्स मंडळींस पहिल्या क्रमांकावरून खालीं आणलें. जेरीचेहि ‘नटी प्रोफेसर’सारखे (१९६३) बोलपट गाजले. दोघांचेंहि उत्तम चाललें होतें. बोलणें तेवढें नव्हतें. सप्टेंबर १९७६ मध्यें जेरी रुग्ण मुलांच्या मदतीसाठीं दूरचित्रवाणीवर निधि गोळा करीत असतां फ्रँक सिनात्रा या गायकमित्रानें डीनला न सांगतां-सवरतां रंगमंचावर आणून उभें केलें. दोघांनीं एकमेकांस मिठी मारली. सारा देश गहिंवरला. पण वीस वर्षांची अढी तेवढ्यानें सुटली नाहीं.

ती सुटली निराळ्या रीतीनें. मार्च १९८७ मध्यें डीनचा वैमानिक मुलगा विमान कोसळून मृत्यु पावला. अंत्यविधीस जेरी गुपचूप आला, मागें कोठें तरी बसला आणि कोणास न कळवितां परत गेला. ना टाळ्या, ना छायाचित्रें. ज्यानें जन्मभर पुढची जागा घेतली तो त्या दिवशीं होऊन मागें बसला. डीनला हें नंतर कळलें, आणि मग दोघे पुन्हां बोलूं लागले. डीन १९९५ च्या नाताळांत गेला. जेरीनें २००५ सालीं त्या दहा वर्षांच्या आठवणींचें पुस्तक लिहून डीनच्या विनोदबुद्धीचें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें. २०१७ मध्यें तोहि गेला.

हें सर्व आम्हीं दोघां नातवांस एका रात्रीं जेवणानंतर सांगितलें. मुखपृष्ठाची गोष्ट निघाली तेव्हां थोरला हळूच म्हणाला, “आपल्याकडेहि आहे कीं तसा फोटो.”

आम्हीं भिंतीकडे पाहिलें. गेल्या गणेशोत्सवांत या दोघांनीं मांडवांत एक नक्कल केली होती. थोरला मास्तर, धाकटा उनाड विद्यार्थी. थोरल्यानें गंभीरपणें पाढे विचारावे, धाकट्यानें भलतींच उत्तरें द्यावीं. लोक पोट धरून हंसले. आम्हीं धाकट्याची पाठ थोपटून त्याच्या हातावर शंभराची नोट ठेविली. थोरल्यास काय म्हटलें तें आठवेना. बहुधा कांहींच म्हटलें नसावें. दिवाणखान्यांत त्या दिवसाचा फोटो आहे. फ्रेमच्या मापांत बसेना म्हणून तो कापण्यास आम्हींच सांगितलें होतें. त्यांत धाकटा दांत काढून हंसतो आहे, आणि कडेला एक छडी धरलेला हात दिसतो. त्यानंतर थोरल्यानें नक्कल केली नाहीं. वयांत आला, लाजतो, अशी आम्हीं आपली समजूत करून घेतली होती.

‘चूक कोणाची’ या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या भिंतीवर मिळालें. खेळणाऱ्यांच्या चुका असतील तेवढ्या असोत. पण पाहणाऱ्यांची चूक कोणी मोजीत नाहीं, आणि घरांत पाहणारे म्हणजे आपण वडीलधारीं माणसें. दुसऱ्या दिवशीं मूळ फोटो शोधून मोठ्या फ्रेमसाठीं दिला. थोरल्यास जवळ बसवून म्हणालों, “तूं हंसला नाहींस म्हणून आम्ही हंसलों. हें तेव्हांच सांगावयास हवें होतें.” तो “बरं” एवढेंच म्हणाला.

यंदाच्या गणेशोत्सवांत पुन्हां नक्कल करावी अशी धाकट्याची इच्छा आहे. थोरल्यानें अजून होकार दिलेला नाहीं. आम्हीं आग्रह केला नाहीं. तो अधिकार आम्हांस राहिला आहे कीं नाहीं, याचीच शंका वाटते.