गाडी एकच, खर्च एकच. कर मात्र तीन प्रकारचा

नोकरदारांच्या वेतनपत्रकात मूळ वेतन, महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता यांच्याखाली दबलेली एक नोंद असते, ती म्हणजे गाडीची. कुठे ती ‘कार अलाउन्स’ म्हणून येते, कुठे पेट्रोलच्या बिलांचा परतावा म्हणून, तर कुठे वेतनपत्रकात तिचा मागमूसही नसतो; कंपनीच्या नावावर असलेली गाडी मात्र कर्मचाऱ्याच्या दारात उभी असते. तिन्ही प्रकारांत कंपनीच्या खिशातून जाणारी रक्कम सारखीच असू शकते. परंतु प्राप्तिकर कायद्याने या तीन प्रकारांकडे इतक्या भिन्न दृष्टीने पाहिले आहे की, एकाच हुद्द्यावरील दोन सहकाऱ्यांच्या वार्षिक करात लाखभर रुपयांचा फरक पडावा. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या प्राप्तिकर कायद्याने घेतली. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशेब मात्र जुन्याच तरतुदींनुसार व्हायचा आहे. त्यामुळे या जुन्या व्यवस्थेने काय साधले आणि काय बिघडवले, याचा ताळेबंद मांडणे अगत्याचे ठरते.

जुन्या कायद्याच्या कलम १७(२) नुसार वेतनाव्यतिरिक्त मिळणारे लाभ, म्हणजेच पर्क्विझिट्स, हे वेतनाचाच भाग मानले जात. गाडी हा असाच एक लाभ. त्याचे रुपयांतील मूल्य किती धरायचे, हे १९६२ च्या नियमावलीतील नियम ३ ठरवीत असे. गाडी कंपनीच्या मालकीची किंवा कंपनीने भाड्याने घेतलेली असेल, ती कार्यालयीन आणि खासगी अशा दोन्ही कामांसाठी वापरली जात असेल आणि इंधन व देखभालीचा खर्च कंपनीच करीत असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी दरमहा १,८०० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,४०० रुपये एवढेच मूल्य कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाई. चालक दिला असल्यास आणखी ९०० रुपये. खासगी वापराचे इंधन कर्मचारी स्वतः भरत असेल, तर हेच आकडे ६०० आणि ९०० रुपयांवर येत. प्रत्यक्ष खर्च किती झाला, याची विचारपूस या गणितात नव्हती.

गाडी कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मालकीची असेल, तर मात्र नियम उलटा फिरत असे. कंपनीने इंधनाचा व देखभालीचा जो खर्च परत केला, त्यातून दरमहा १,८०० किंवा २,४०० रुपये वजा व्हायचे आणि उरलेली सर्व रक्कम करपात्र ठरायची. आकडा तोच, १,८०० रुपये. पण पहिल्या प्रकारात तेवढ्यावरच कर आणि दुसऱ्या प्रकारात तेवढीच सूट! वेतनपत्रक वाचताना भल्याभल्यांची गल्लत होते ती इथेच. दुचाकीस्वारांसाठी ही वजावट ९०० रुपयांची होती. तिसरा प्रकार रोख भत्त्याचा. तो सर्वस्वी करपात्र. अपवाद एवढाच की, भत्त्यातून कार्यालयीन कामासाठी केलेल्या प्रवासाचा खर्च सिद्ध करता आला, तर तेवढ्यापुरती सूट मिळे.

एका उदाहरणाने ही विषमता स्पष्ट होईल. हिंजवडीतील एका कंपनीत तीन समकक्ष अधिकारी आहेत, असे समजू. तिघेही आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीतील २४ लाखांवरच्या, म्हणजे ३० टक्क्यांच्या टप्प्यात येतात. चार टक्के उपकर धरून त्यांच्या शेवटच्या रुपयावर ३१.२ टक्के कर बसतो. कंपनी प्रत्येकाच्या गाडीवर दरमहा ३० हजार रुपये खर्च करते. पहिल्याला कंपनीने लीजवर घेतलेली छोट्या इंजिनाची गाडी दिली आहे. १८ हजार लीजचे भाडे, १२ हजार इंधन व देखभाल. त्याच्या उत्पन्नात दरमहा १,८०० रुपये मिळवले जातात आणि वर्षाचा कर होतो सुमारे ६,७४० रुपये. दुसऱ्याने स्वतः कर्ज काढून तशीच गाडी घेतली. हप्त्यासाठी त्याला १८ हजार रुपये भत्ता मिळतो आणि १२ हजारांची बिले कंपनी भागवते. त्याचा भत्ता पूर्ण करपात्र, आणि बिलांतले १,८०० वगळता उरलेले १०,२०० रुपयेही करपात्र. म्हणजे दरमहा २८,२०० रुपये. वर्षाचा कर सुमारे १ लाख ५ हजार ५८० रुपये. तिसऱ्याने तीसही हजार रोख भत्ता म्हणून घेतले. त्याचा कर १ लाख १२ हजार ३२० रुपये. गाडी तीच, रस्ता तोच, कंपनीचा खर्चही तोच. फरक केवळ गाडीच्या नोंदणीपुस्तिकेवर नाव कोणाचे, एवढाच.

ही व्यवस्था एका दिवसात जन्मलेली नाही. २००१ साली लाभांच्या मूल्यांकनाचे नियम नव्याने आखले गेले, तेव्हा छोट्या गाडीसाठी १,२०० आणि मोठ्या गाडीसाठी १,६०० रुपये, तर चालकासाठी ६०० रुपये असे ठरावीक मूल्य निश्चित झाले. २००५ साली तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी फ्रिंज बेनिफिट टॅक्स आणला आणि कराचा बोजा कर्मचाऱ्याकडून कंपनीकडे वळवला. गाड्यांच्या इंधन-देखभालीवरील खर्चाचा २० टक्के भाग हा ‘लाभ’ समजून त्यावर कंपनीने ३० टक्के दराने कर भरायचा, अशी ती योजना. उद्योगजगताने तिच्याविरुद्ध सतत तक्रार केली. शुद्ध व्यावसायिक खर्चातही सरकार लाभ शोधते, हा आक्षेप निराधार नव्हता. अखेर २००९ च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी हा कर रद्द केला आणि बोजा पुन्हा कर्मचाऱ्याकडे आला. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत १,८००, २,४०० आणि ९०० हे आकडे आले, ते १ एप्रिल २००९ पासून लागू झाले आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत, म्हणजे तब्बल सतरा आर्थिक वर्षे, जागचे हलले नाहीत.

या सतरा वर्षांत बाकी सारे बदलले. २००९ साली मुंबईत लिटरमागे पन्नास रुपयांच्या आत असलेल्या पेट्रोलने २०२१ मध्ये शंभरी ओलांडली. १,८०० रुपयांत २००९ साली छोट्या गाडीची टाकी जवळजवळ भरत असे. शंभरीनंतर ती अर्धीही भरेना. या गोठलेल्या आकड्याचा परिणाम मात्र दोन्ही बाजूंना सारखा झाला नाही. स्वतःच्या गाडीचा परतावा घेणाऱ्याची सूट महागाईने कुरतडली. इंधन जितके महाग, तितकी त्याची करपात्र रक्कम मोठी. उलट कंपनीची गाडी वापरणाऱ्याला मिळणारा प्रत्यक्ष लाभ वाढत गेला, पण त्याचे करपात्र मूल्य तिथेच राहिले. म्हणजे पेट्रोलच्या प्रत्येक दरवाढीने एकाचा कर वाढवला आणि दुसऱ्याची करमुक्ती. चालकाचेही तेच. शहरातील चालकाचा मासिक पगार ९०० रुपयांच्या कित्येक पट असतो. तो कंपनीने भरला तरी कर ९०० रुपयांवरच.

इंजिनाच्या आकाराची कसोटीही कालबाह्य ठरली. मोठे इंजिन म्हणजे महागडी गाडी, हे समीकरण एके काळी बऱ्याच अंशी खरे होते. आता टर्बो तंत्रज्ञानामुळे कित्येक आलिशान गाड्यांतही दीड लिटरचे इंजिन असते. परिणामी दहा लाखांची गाडी आणि पन्नास लाखांची गाडी कराच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसते. विजेवरील गाडीला तर इंजिनच नसते, आणि तिचा उल्लेख जुन्या नियमांत नव्हता.

अन्य देशांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे. जर्मनीत खासगी वापरासाठी दिलेल्या कंपनीच्या गाडीचे मासिक मूल्य सर्वसाधारणपणे तिच्या छापील किमतीच्या एक टक्का धरले जाते. ते नको असेल त्याने प्रवासाची तपशीलवार नोंदवही ठेवावी. ब्रिटनने २००२ पासून गाडीची छापील किंमत आणि तिचे कार्बन उत्सर्जन यांची सांगड घातली, आणि २००३ पासून कंपनीने दिलेल्या इंधनालाही उत्सर्जनाचीच कसोटी लावली. विजेवरील गाड्यांसाठी तेथे २०२०-२१ मध्ये हा दर शून्य होता. तो पुढे टप्प्याटप्प्याने वाढवत २०२५-२६ मध्ये तीन टक्क्यांवर आणला गेला. दोन्ही देशांत गाडी जितकी महाग, तितके करपात्र मूल्य अधिक, हे तत्त्व समान आहे. भारतातील नियमाला गाडीची किंमत आठवत असे ती दोनच प्रसंगी. एक, गाडी निव्वळ खासगी वापरासाठी दिलेली असेल तेव्हा. त्या वेळी प्रत्यक्ष खर्चासोबत किमतीच्या दहा टक्के वार्षिक झीज धरली जाई. दुसरा प्रसंग कंपनीने आपली वापरलेली गाडी कर्मचाऱ्याला विकण्याचा. तेव्हा पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी घटत्या किमतीवर २० टक्के घसारा वजा होई. दहा लाखांच्या गाडीची किंमत चार वर्षांनी ४ लाख ९ हजार ६०० रुपये धरली जाई; ती दीड लाखात दिली, तर उरलेले २ लाख ५९ हजार ६०० रुपये करपात्र. लीजच्या मोहात पडलेल्या अनेकांना या तरतुदीची जाण शेवटच्या वर्षी येते.

ठरावीक मूल्याच्या पद्धतीचे समर्थनही समजून घेतले पाहिजे. एकाच गाडीतून सकाळी ग्राहकाकडे आणि संध्याकाळी बाजारात जाणाऱ्याचा कोणता किलोमीटर कार्यालयाचा आणि कोणता घरचा, याचा वाद घालत बसणे ना प्राप्तिकर अधिकाऱ्याला परवडणारे, ना कंपनीला. कार्यालयीन वापर सिद्ध करून अधिक सूट हवी असेल, तर प्रवासाची तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च यांची नोंद व त्यासोबत मालकाचे प्रमाणपत्र आवश्यक असे. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी किंवा विक्री अभियंते यांच्यासाठी ही तरतूद उपकारक आहे. परंतु इतरांकडून ती काटेकोरपणे पाळली जाण्याऐवजी वर्षाखेरीस कागद भरून काढण्याचीच शक्यता अधिक. ठरावीक मूल्याने हा खोटेपणा टाळला, हे मान्यच करावे लागेल. तथापि, सोपेपणासाठी आकडा ठरवणे वेगळे आणि तो सतरा वर्षे विसरून जाणे वेगळे. ज्या वेतनमर्यादेपुढे असे लाभ करपात्र ठरतात, ती २००१ पासूनची ५० हजार रुपयांची वार्षिक मर्यादा सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये चार लाखांवर नेली. म्हणजे जुने आकडे निरर्थक होतात याचे भान सरकारला होते. गाडीच्या मूल्याला मात्र त्या वेळी हात लागला नाही.

मूळ प्रश्न अधिक खोल आहे. पर्क्विझिटची कल्पना घडली ती मालकाने वेतनावर स्वखुशीने दिलेल्या सोयीभोवती. ‘कॉस्ट टू कंपनी’च्या जमान्यात गाडी ही देणगी राहिलेली नाही, कर्मचाऱ्याच्याच ठरलेल्या एकूण वेतनातून काही भाग गाडीच्या रूपात दिला जातो. हा मार्ग खुला असतो तो मोठ्या कंपन्यांतील वरच्या श्रेणीच्या लोकांना. भोसरी-चाकणच्या लघुउद्योगातील पर्यवेक्षकाला किंवा खासगी शाळेतील शिक्षिकेला लीजचा पर्याय कोण देणार? शिवाय उत्पन्न जितके अधिक, तितका कराचा दर अधिक आणि तितकीच बचतही अधिक. नव्या करप्रणालीत बहुतेक वजावटी गेल्या, पण गाडीचे हे सवलतीचे मूल्यांकन टिकले. त्यामुळे वरच्या थरात त्याचे आकर्षण वाढले, यात नवल नाही.

दुसऱ्या टोकाला लोकलचा पास काढणारा कर्मचारी उभा आहे. प्रवास भत्त्यावरील करसूट २०१५ मध्ये दरमहा ८०० वरून १,६०० रुपये झाली आणि २०१८-१९ पासून दिव्यांगांचा अपवाद वगळता बंद करून तिच्या जागी सर्वांना समान प्रमाणित वजावट आली. ती लीजच्या गाडीतून येणाऱ्यालाही तेवढीच मिळते. कंपनीच्या बसमधून किंवा मोटारीतून घर ते कार्यालय केलेला प्रवास जुन्या कायद्याने लाभ मानला नाही, हे योग्यच होते. परंतु कंपनीने रोख दिलेले पासाचे पैसे वेतनात मोडतात आणि लीजच्या गाडीचे बहुतांश पैसे मोडत नाहीत, हा न्याय कोंडीत अडकलेल्या शहरांना परवडणारा नाही.

नोकरदारांपुरता व्यवहार्य धडा असा की, गाडीचा पर्याय निवडण्यापूर्वी ती कोणाच्या नावावर असेल, लीज संपल्यावर ती कोणत्या किमतीला मिळेल आणि मध्येच नोकरी सोडल्यास उरलेले हप्ते कोण भरेल, हे तपासावे. फॉर्म १६ सोबतच्या फॉर्म १२बीए मध्ये लाभाचे मूल्य कसे दाखवले आहे, तेही पाहावे. धोरणकर्त्यांसाठीचा धडा त्याहून मोठा आहे. नव्या कायद्याखाली आकडा कितीही वाढला, तरी तो पुन्हा गोठला आणि गाडीच्या किमतीपासून तुटलेलाच राहिला, तर दहा वर्षांनी हीच विषमता नव्या रकमेसह उभी राहील. मूल्य गाडीच्या किमतीशी जोडणे, ते ठरावीक काळाने आपोआप सुधारणे आणि सार्वजनिक वाहतुकीच्या पासाला किमान गाडीइतकी तरी वागणूक देणे, या तीन गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. समान वेतनाला समान कर, हे तत्त्व नोंदणीपुस्तिकेवरील नावापाशी अडून राहू नये, एवढीच यातील मागणी आहे.