घरी ठेवलेले मूल

मुलीला तिसरीतून काढून घरीच शिकवण्याचा निर्णय आम्ही गेल्या वर्षी घेतला, तेव्हा आप्तेष्टांनी ज्या शंका घ्यायच्या त्या घेतल्याच. दहावीचे काय, मैत्रिणींचे काय, लग्नाचे काय? (शेवटची शंका घेणाऱ्या आत्याबाईंना, मुलगी आठ वर्षांची आहे, याचे स्मरण द्यावे लागले.) उत्तरे आमच्यापाशी तयार होती. जॉन होल्ट वाचून झाला होता, गिजुभाई आणि ताराबाई मोडक यांचे दाखले तोंडावर होते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आम्ही हुकमाच्या एक्क्यासारखे वापरत असू. त्या बालपणी शाळेत गेल्या नाहीत. संस्कृत शिकल्या त्या आईकडून.

उत्तर सुचले नाही ते आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्या एका वाक्याला. घरच्या शिक्षणाची महती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मलाबी घरीच ठिवली हुती, ताई. धाकटी भावंडं सांभाळायला."

रमाबाईंचा एक्का तिथेच गळाला. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, पत्नीला संस्कृत शिकवून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला हे खरेच; पण शिकवण्याजोगी विद्या त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. जोतीरावांनी सावित्रीबाईंनाही आधी घरीच शिकवले. तरी १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींसाठी काढली ती शाळाच. ज्यांच्या घरात अक्षरच येऊ दिले गेले नव्हते, त्यांना घरी राहून काय शिकता आले असते? म्हणून, शाळा म्हणजे तुरुंग, हे आमच्या नव्या मित्रमंडळींचे आवडते वाक्य आम्ही आता उच्चारत नाही. इव्हान इलिचने १९७१ साली शाळेवर केलेली टीका आजही मननीय वाटते. परंतु त्या दाराबाहेर किती पिढ्या तिष्ठत राहिल्या, हे आपल्याकडे विसरून चालत नाही.

मग मुलीला परत का पाठवत नाही? कारण शाळेत तिचे प्रश्न विचारणे थांबले होते, आणि घरी ते पुन्हा सुरू झाले आहे. याहून भारदस्त कारण आमच्यापाशी नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत दाखल करणे पालकांचे कर्तव्य ठरवले आहे. घरशिक्षणाचा त्यात उल्लेख नाही, आणि पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. पुढे परीक्षा द्यायचीच तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट आहे. वयाची चौदा वर्षे झाली की दहावीच्या परीक्षेसाठी तिथे नाव नोंदवता येते. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे, पण तो शाळा सोडल्याचा दाखला मागतो. शाळेचे तोंडच न पाहिलेल्या मुलाने तो कुठून आणावा, हे मंडळच जाणे!

प्रारंभी आम्ही जे केले ते मात्र कोणी करू नये. जेवणाच्या टेबलावर आम्ही शाळाच थाटली. भिंतीवर वेळापत्रक, नऊ ते साडेनऊ गणित, साडेनऊ ते दहा मराठी. तिसऱ्या आठवड्यात कन्येने विचारले, "मधली सुट्टी कधी?" वेळापत्रक त्याच दिवशी उतरवले. त्यानंतरचे दोन महिने काहीच शिकवले नाही, आणि खरे सांगायचे तर ते दोन महिने आम्हाला नीट झोप लागली नाही. ती दुपारभर जिन्यात बसून मुंग्यांच्या रांगा न्याहाळत असे. मग एके दिवशी, मुंगी मिनिटाला किती पायऱ्या चढते, हे मोजायला तिने घड्याळ मागितले. भागाकार त्या जिन्यावर आला.

आणखी एक कबुली. हा लेख लिहिताना ‘आम्ही’ हे सर्वनाम फार सोयीचे पडले. निर्णय दोघांनी घेतला; नोकरी सोडली ती एकीने. कोणी सोडावी, याची चर्चा आमच्या घरात झाल्याचे दोघांपैकी कोणालाही आठवत नाही. मावशींच्या वाक्यातले ‘घरीच ठिवली’ आमच्या घरात नेमके कोणाला लागू पडते, यावर गेले काही दिवस रात्रीची जेवणे लांबत आहेत.