बाबाको का चालत नाही?

आठवीच्या कोणत्याही मुलाला विचारा, दोन त्रिकोण एकरूप कसे दाखवशील? उत्तर चटकन येते: बाकोबा, कोबाको, बाबाबा. आपल्या बिरसा भागातल्या मुलांना शाळेच्या हिंदी पुस्तकात हेच त्रिकोण 'सर्वांगसम' म्हणून भेटतात आणि घरी आजोबा त्यांना 'एकरूप' म्हणतात. त्याचा मुलांना फारसा त्रास होत नाही. पंचाईत होते ती पुढच्या प्रश्नाने. बाबाको ही कसोटी का नाही? इथे वर्ग गप्प होतो.

माझे मत स्पष्ट आहे. एकरूपतेची सिद्धता म्हणजे भरायचा फॉर्म, असे आपण करून टाकले आहे. डावीकडे विधान, उजवीकडे कारण, शेवटी बाकोबा, की मिळाले गुण! आकृतीत दोन बाजू सारख्या दिसल्या म्हणून सारख्या लिहिणाऱ्या मुलाला थांबवायला तासात वेळच नसतो.

पालकहो, एक प्रयोग घरी करून पाहा. अब ही ८ सेमीची रेघ काढा. अ पाशी ३०° चा कोन करून दुसरी रेघ लांब ओढा. आता कंपासचे टोक ब वर ठेवून ५ सेमी त्रिज्येचा कंस काढा. तो त्या लांब रेघेला दोन ठिकाणी छेदतो, अ पासून सुमारे ३.९ सेमीवर आणि ९.९ सेमीवर. दोन्ही बाजू त्याच, कोनही तोच, पण त्रिकोण दोन! कोन दोन बाजूंच्या मधलाच का हवा, हे दहा मिनिटांत कळते. एखादी हुशार मुलगी लगेच विचारेल, अ पाशी काटकोन असेल तर? तेव्हा अब पेक्षा मोठ्या त्रिज्येचा कंस दोन्ही अंगांना सारख्याच अंतरावर छेदतो आणि दोन्ही त्रिकोण एकरूप निघतात. हीच कर्णभुजा कसोटी.

हे नुसते पुस्तकी नाही. १८०२ साली विल्यम लॅम्टन यांनी मद्रासजवळ एक पायारेषा साखळीने मोजली. पुढे तिच्या दोन टोकांवरून कोन मोजले की त्रिकोण पक्का ठरतो, म्हणजे कोबाकोच. उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या आणि त्यांच्यावर पुढचा त्रिकोण उभा करायचा. असे करत मोजणी विदर्भापर्यंत आली. १८२३ साली लॅम्टन हिंगणघाटला वारले, त्यांची कबर तिथेच आहे. वर्ध्याकडे सोयरे असणाऱ्यांनी मुलांना ती जरूर दाखवावी.

बाकोबा तरी सिद्ध होते का? युक्लिडने एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवून ते दाखवले. १८९९ साली हिल्बर्टने मात्र त्याचा मुख्य भाग गृहीतच धरला. मोठ्यांनाही इथे अडखळावे लागले, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे?

विश्वस्त मंडळींना विनंती अशी की सातवी-आठवीला या धड्यासाठी दोन जोडतास कागद, कात्री आणि कंपाससह मिळावेत आणि घटक चाचणीत निम्मे गुण कारणांना असावेत. पालकांनी वहीतल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवून 'हे कशावरून?' एवढेच विचारावे, त्याला भूमिती यावी लागत नाही. 'दिले आहे', 'सामाईक बाजू', 'विरुद्ध कोन' असे काही उत्तर आले तर ठीक. 'तसे दिसते' म्हटले, तर पुन्हा वहीकडे पाठवावे.